भाग २३ : बटण दाबलं, काच हलेना

आजचा भाग माझ्या एका फजितीपासून सुरू करतो.

मागच्या पावसाळ्यात पुण्यात मित्राच्या बाबांची जुनी इम्पोर्टेड सेडान बघायला गेलो होतो. मागच्या दाराची काच अर्धी उघडी, बाहेर धो धो पाऊस, आणि बटण दाबलं तर काहीच आवाज नाही. मी बी.टेक., त्यामुळे लगेच निदान: "मोटर गेलीय, काका." काकांनी विश्वास ठेवला, महागडी मोटर मागवली, बसवली. काच तरीही तिथेच!

दोष कुठे होता ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास. जुन्या कोडमधला बग शोधायचा तर तो कोड कधी आणि का लिहिला ते कळावं लागतं. इथेही तसंच आहे.

१९४० मध्ये अमेरिकेत पॅकार्ड १८० ही गाडी आली. बटणाने काच वर-खाली करण्याची सोय सर्वात आधी देणाऱ्या गाड्यांत तिचं नाव घेतात. पण दारात मोटर नव्हती! इलेक्ट्रिक पंप होता, आणि काच हलायची तेलाच्या दाबावर. युद्धानंतर जनरल मोटर्सच्या कन्व्हर्टिबल गाड्यांतही असाच प्रकार होता. पंप ब्रेक ऑइल दारातल्या सिलिंडरमध्ये ढकलायचा, काच वर जायची. खाली आणायला स्प्रिंग. सिलिंडर गळला की ते तेल रंग आणि सीट दोन्ही खराब करायचं. म्हणजे या गाड्यांत आधी गळती शोधायची, वायर नंतर.

१९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये काचा पूर्णपणे विजेवर आल्या. तेल गेलं, वायरी वाढल्या. सुरुवातीच्या बऱ्याच मोटरींत वर जायला एक वाइंडिंग, खाली यायला दुसरं, आणि अर्थिंग गाडीच्या पत्र्यातून. पत्रा गंजला की मोटर सुस्त. पुढे कायम चुंबकाच्या मोटरी आल्या. त्यांना दोनच वायरी लागतात. प्लस-मायनस उलटं केलं की मोटर उलटी फिरते.

आणि इथेच माझी विकेट पडली. अशा अनेक गाड्यांत मागच्या दाराच्या स्विचला अर्थिंग मिळतं ते ड्रायव्हरजवळच्या मुख्य स्विचमधून. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले की मागची काच बंद. दुखणं पुढे, लक्षण मागे! काकांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. इलेक्ट्रिशियन दादांनी कॉन्टॅक्ट घासून साफ केले, काच वर गेली. जुनी मोटर ठणठणीत होती.

त्यांनी शिकवलेल्या दोन गोष्टी लिहून ठेवा. एक: दार उघडून आतला दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा मंद झाला तर करंट मोटरपर्यंत जातोय; मग मोटर किंवा काचेची यंत्रणा अडकलीय. दिव्याला काही फरक पडला नाही तर फ्यूज, स्विच, किंवा दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत तुटलेली वायर बघा. दार हजारो वेळा उघडतं, वायर तिथेच वाकून वाकून तुटते. दुसरी: मीटरवर आंधळा विश्वास नको. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प लावा. तो करंट ओढतो, मंद पेटला की चोर सापडला.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. दोष सापडायच्या आधी मी म्हटलं होतं, "बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढू या ना!" दादा म्हणाले, "मग चावी काढली तरी काच चालेल. घरात नातवंडं आहेत ना?"

मी गप्प बसलो. घरी येऊन वाचलं: अमेरिकेत १९७१ पासून नियम आहे की चावी बंद असताना पॉवर विंडो चालता कामा नये. कारण गाडीत एकट्या राहिलेल्या मुलांचा हात चुकून बटणावर पडायचा आणि मान काचेत अडकायची. मला जी वायर फालतू वळसा वाटत होती, ती चावीच्या स्विचमधून जात होती ती याचसाठी.

म्हणून जुन्या गाडीतली असो वा जुन्या कोडमधली, एखादी गोष्ट बायपास करण्याआधी विचारा: ही इथे का आहे?

मोटरचे पैसे मी काकांना हप्त्याने देतोय. तुमचीही अशी फजिती झाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू!