गोदीतून निघालेला शब्द

बार्सिलोनाची रांब्ला उतरत समुद्राकडे गेलं की शेवटी उंच खांबावर कोलंबस उभा दिसतो. १८८८च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या या खांबाभोवती फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड असते की उजव्या हाताची बसकी, लांबलचक इमारत बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. एकाला एक चिकटून उभी दुपाखी छपरं, खाली दगडी कमानींच्या रांगा. एके काळी लाटा तिच्या दाराशी येत. पुढे भराव पडत गेला आणि समुद्र लांब सरकला. आज तिथे शहराचं सागरी संग्रहालय आहे. इमारतीचं नाव द्रासानेस, जवळच्या मेट्रो स्थानकाचंही तेच.

या नावाचं कूळ शोधायचं तर आधी समुद्र ओलांडून ट्युनिसला जावं लागतं.

सातव्या शतकाच्या अखेरीस अरबांनी उत्तर आफ्रिकेचा किनारा घेतला. घोड्यावर बसणं त्यांना शिकवावं लागत नव्हतं, पण भूमध्य समुद्रात बायझंटाइन आरमाराशी गाठ होती आणि त्यासाठी जहाजं हवी होती. तेव्हा इजिप्तमधून कॉप्ट ख्रिस्ती सुतार ट्युनिसला आणवले गेले आणि सरकारी खर्चाने जहाजबांधणीचा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्याला अरबीत नाव पडलं ‘दार अस्-सिनाआ’. दार म्हणजे घर. मराठी दाराशी त्याचं नातं नाही, साम्य योगायोगाचं. सिनाआ म्हणजे हुन्नर, कारागिरी. उर्दूत उद्योगाला म्हणतात ती ‘सनअत’ याच घरातली. थोडक्यात, कामाचं घर. नावात ना जहाज आहे ना समुद्र. पण राज्यकर्त्याला सर्वांत मोठा कारखाना लागे तो जहाजांचाच, म्हणून नाव त्याला चिकटलं. स्पेनमधल्या तोर्तोसा गावात कॅथेड्रलच्या भिंतीत बसवलेला एक अरबी शिलालेख आहे. तिसऱ्या अब्द अर्-रहमानच्या राजवटीत, दहाव्या शतकात, तिथे असं कामाचं घर बांधल्याची नोंद त्यावर कोरली आहे.

पुढे या शब्दाला प्रत्येक बंदरात नवा उच्चार मिळाला. कॅटलान लोकांनी त्याची द्रासाना केली, कॅस्टिलियन बोलणाऱ्यांनी आतारासाना, पोर्तुगिजांनी तेर्सेना. जेनोआत तो दार्सेना झाला. तिथल्या जुन्या दार्सेनाच्या काठावरही २००४पासून एक सागरी संग्रहालय आहे. व्हेनिसच्या लोकांनी सुरुवातीचा ‘द’ गाळून टाकला आणि अर्झना म्हणू लागले. दान्तेने आपल्या नरकवर्णनात तिथल्या उकळत्या डांबराची उपमा देताना हेच रूप वापरलं आहे. त्याचंच पुढे आर्सेनाले झालं.

सगळ्यांत गमतीचं रूप तुर्कांचं. त्यांनी हा शब्द इटालियन खलाशांच्या तोंडून उचलला आणि तेर्साने केला. तुर्कांकडून तो ‘तरसाना’ होऊन पुन्हा अरबीत शिरला. आजचा अरब माणूस गोदीला तरसाना म्हणतो, तेव्हा तो आपल्याच पणजोबांचा शब्द परक्या वेषात वापरत असतो.

द्रासानेसच्या मधल्या दालनात सोनेरी नक्षीची एक गॅली उभी आहे, सुमारे साठ मीटर लांब आणि जेमतेम सहा मीटर रुंद. हे ‘रेआल’, म्हणजे ऑस्ट्रियाच्या डॉन हुआनचं निशाणाचं जहाज. मूळ जहाज १५६८मध्ये बार्सिलोनात बांधलं गेलं आणि ७ ऑक्टोबर १५७१ला लेपांतोच्या लढाईत उस्मानी आरमारासमोर उभं ठाकलं. ४०० वर्षं झाली तेव्हा, १९७१मध्ये, ही प्रतिकृती तयार केली. त्या दिवशी एका बाजूला द्रासानेसचं हे जहाज आणि व्हेनिसच्या आर्सेनालेतून आलेला मोठा ताफा होता, तर दुसऱ्या बाजूला तेर्सानेची जहाजं होती. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या आणि तिन्ही कारखान्यांचं नाव मात्र एकच! त्या लढाईत उस्मानी आरमार जवळजवळ नामशेष झालं, तरी तेर्सानेने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवा ताफा पाण्यात उतरवला.

मग जहाजं बांधण्याच्या जागेचा शब्द शस्त्रांवर कसा गेला? त्याचं उत्तर व्हेनिसमध्ये आहे. तिथे एकाच तटबंदीच्या आत सगळं होतं: लाकूड, दोर, शिडं, तोफा, दारूगोळा. भरभराटीच्या काळात हजारो माणसं तिथे खपत. १५७४मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री आला तेव्हा त्याची मेजवानी उरकेपर्यंत एक गॅली जोडून दाखवल्याची कथा व्हेनिसवाले आजही चवीने सांगतात. बाहेरून पाहणाऱ्यांना या पसाऱ्यातून ज्याला त्याला आपल्या कामाचा अर्थ सापडला. फ्रेंचांनी तूलाँ आणि ब्रेस्टच्या आरमारी गोद्यांना हे नाव दिलं. इंग्रजांनी निम्माच शब्द उचलला. लंडनजवळ वुलिच इथे थेम्सकाठी त्यांची जहाजांची गोदी वेगळी होती आणि तोफा-दारूगोळ्याचा कारखाना वेगळा. यातल्या दुसऱ्यालाच १८०५मध्ये ‘रॉयल आर्सेनल’ नाव मिळालं. तिथल्या कामगारांनी १८८६मध्ये फुटबॉलचा संघ काढला. पुण्या-मुंबईतली जी पोरं आज आर्सेनलचा लाल शर्ट घालून रात्र जागवतात, त्यांच्या छातीवर तोफेचं चित्र आहे ते यामुळे. जहाजाची खूण तिथे औषधालाही नाही.

बार्सिलोनाच्या इमारतीनेही शब्दामागोमाग हीच वाट धरली. १७४८मध्ये स्पेनने गॅलींचं दल मोडीत काढलं, आणि द्रासानेस लष्कराकडे, तोफखान्याकडे गेली. १९३६मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली, १९४१मध्ये ते लोकांना खुलं झालं. या कमानी तेराव्या-चौदाव्या शतकातल्या, असं पाहुण्यांना कित्येक वर्षं सांगितलं जाई. २०१०नंतर दुरुस्तीसाठी जमीन उकरली तेव्हा खाली रोमन दफनभूमी निघाली आणि आणखी एक गोष्ट कळली: मध्ययुगीन गोदी जमिनीखाली आहे, आणि वर दिसतो त्यातला बहुतेक भाग सोळाव्या शतकाच्या अखेरीकडे जुन्याच धर्तीवर नव्याने बांधलेला आहे. म्हणजे ज्या दालनात ‘रेआल’ची प्रतिकृती उभी आहे, ते मूळ ‘रेआल’पेक्षा धाकटं!

मराठीने समुद्राचे शब्द घेताना हात आखडता घेतला नाही. आरमार हे पोर्तुगिजांच्या अर्माडावरून आलं. गुराब अरबीतून आला, मूळ अर्थ कावळा. मोसमही अरबीच. दार अस्-सिनाआ मात्र या किनाऱ्याला लागला नाही. इथे गोदी होती. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीवर, गिर्ये इथे, आंग्र्यांच्या काळात खडक फोडून केलेली गोदी आजही दाखवतात.

मुंबईत मात्र एक शब्द नेमका उलट्या दिशेने गेला. रे रोडजवळचा दारूखाना हे नावाप्रमाणे तोफेची दारू ठेवण्याचं ठिकाण. दारू गेली, नाव राहिलं, आणि तिथे जुनी जहाजं तोडून लोखंड काढण्याचा धंदा जमला. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि मुंबईच्या बंदरात काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. खर्च झेपेना, तेव्हा २०१४मध्ये तिला दारूखान्यात नेलं. तिथे गॅस कटरखाली तिचे तुकडे झाले, आणि त्यातलं थोडं लोखंड बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीच्या टाकीत गेलं.