दहा विकेट घेऊनही हरलेला बॉलर

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

४ डिसेंबर २०२१. मी मोबाईलवर स्कोअर बघत होतो. वानखेडेवर भारत विरुद्ध न्यूझीलंड टेस्ट चालू होती आणि स्कोअरकार्डवर आपल्या प्रत्येक विकेटपुढे एकच नाव येत होतं, एजाज पटेल. आपण ३२५ ला ऑल आऊट झालो आणि दहाच्या दहा विकेट त्याच्या. ११९ रन्समध्ये १०! टेस्ट क्रिकेटमध्ये हे आधी फक्त दोघांना जमलं होतं : १९५६ मध्ये मँचेस्टरला जिम लेकर आणि १९९९ मध्ये दिल्लीला आपला अनिल कुंबळे. गंमत म्हणजे एजाजचा जन्म मुंबईचाच. आठ वर्षांचा असताना तो घरच्यांबरोबर न्यूझीलंडला गेला.

आणि पुढे काय झालं? त्याच दिवशी न्यूझीलंड ६२ ला गुंडाळली गेली. दुसऱ्या डावात एजाजने आणखी चार विकेट घेतल्या, मॅचमध्ये एकूण १४. तरी त्यांची टीम ३७२ रन्सनी हरली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. बॉलरने याहून जास्त करायचं तरी काय? दहाच्या वर अकरावी विकेट तर नसतेच!

याचं उत्तर मला सापडलं कानपूरच्या ग्रीन पार्कवर. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

डिसेंबर १९५८. समोर वेस्ट इंडीज. आपल्याकडे मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते. तुमच्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकलंय? सोबर्ससारखा माणूस त्यांना जगातल्या सर्वोत्तम लेगस्पिनरांत मोजायचा. त्या मॅचच्या पहिल्या डावात वेस्ट इंडीज २२२ ला ऑल आऊट झाली आणि त्यातल्या ९ विकेट गुप्त्यांच्या, १०२ रन्समध्ये. उरलेली एक आपल्या वसंत रांजणेंना मिळाली. मग आपली बॅटिंग आली. आपणही बरोब्बर २२२! म्हणजे गुप्त्यांची सगळी मेहनत शून्यावर आली. दुसऱ्या डावात सोबर्सने १९८ ठोकले, समोरून वेस हॉलने मॅचमध्ये ११ विकेट काढल्या आणि आपण २०३ रन्सनी हरलो.

आता बरोबर एक वर्ष पुढे या. डिसेंबर १९५९, तेच ग्रीन पार्क. समोर रिची बेनॉची ऑस्ट्रेलिया. त्यांना आपण तोवर एकदाही हरवलं नव्हतं. पहिल्या डावात आपण १५२ ला ऑल आऊट, म्हणजे गुप्त्यांच्या वेळेपेक्षाही वाईट. मग अहमदाबादचे ऑफस्पिनर जसू पटेल आले आणि ६९ रन्समध्ये ९ विकेट घेऊन गेले. पुन्हा नऊच! पण या वेळी नंतरचं काम बाकीच्यांनी केलं. दुसऱ्या डावात बॅट्समननी २९१ उभे केले. ऑस्ट्रेलियाला २२५ हवे होते. पटेलांनी ५ घेतल्या आणि दुसऱ्या टोकाकडून पॉली उम्रीगरांनी ४. ऑस्ट्रेलिया १०५ वर खलास. आपण ११९ रन्सनी जिंकलो, ऑस्ट्रेलियावरचा पहिला टेस्ट विजय.

मैदान तेच, विकेट नऊच. फरक कुठे पडला? दुसऱ्या टोकाला.

कुंबळेचंच बघा. ७ फेब्रुवारी १९९९, फिरोजशाह कोटला. पाकिस्तानला ४२० हवे होते आणि एकही विकेट न जाता १०१ झाले होते. तिथून सगळे २०७ ला आऊट. कुंबळे ७४ रन्समध्ये १०. आपल्याला ते दहाच आठवतात. पण नऊ झाल्यावर समोरून जवागल श्रीनाथ मुद्दाम स्टंपच्या बाहेर बॉल टाकत होता, चुकून आपल्याला विकेट मिळू नये म्हणून. शेवटी वसीम अक्रमचा कॅच शॉर्ट लेगला लक्ष्मणने घेतला. रेकॉर्डच्या रकान्यात श्रीनाथची ती ओव्हर कुठेच दिसत नाही.

मग एजाजचं काय झालं? त्या दहा विकेटनंतर न्यूझीलंडच्या घरच्या पुढच्याच सिरीजला तो टीममध्येच नव्हता! पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा वानखेडेवर आला. पहिल्या डावात ५, दुसऱ्यात ६. आपल्याला जिंकायला फक्त १४७ हवे होते, आपण १२१ वर संपलो. समोरून ग्लेन फिलिप्सने ३ विकेट काढल्या होत्या आणि आधी विल यंगने दोन्ही डावांत फिफ्टी मारली होती. न्यूझीलंड २५ रन्सनी जिंकली आणि तीन टेस्टची सिरीज ३-० ने घेऊन गेली.

दोन मॅचमध्ये वानखेडेवर एजाजच्या २५ विकेट झाल्या. पहिल्यांदा १४ घेऊन हरला, दुसऱ्यांदा ११ घेऊन जिंकला. खरं सांगू? आपली टीम हरली म्हणून त्या दिवशी वाईट वाटलंच. पण त्याच्यासाठी आत कुठेतरी बरंही वाटलं.

गुप्त्यांना ग्रीन पार्कवर असा विजय कधी मिळाला नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी रेकॉर्ड दाखवलं की बॉलरचं नाव वाचाच, पण लगेच खाली स्क्रोल करा. समोरून कोण टाकत होतं आणि रन्स कोणी केले, तेही बघा. आणि आज घरी कोणा आजोबांना विचारा, सुभाष गुप्ते आठवतात का? काय म्हणाले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!