पहारा आणि पाहणी



माणूस माणसाला पाहतो, ही गोष्ट साधी. पण कोण पाहतो, कोणाला आणि कशासाठी, असे विचारले की तिचा इतिहास होतो. आम्ही शाळा लवकर सोडलेले, कारखान्याच्या दाराशी शिकलेले. तेव्हा तो इतिहास आम्ही त्याच दारातून सांगणार.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, तेव्हा ती पाहण्यास लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आधी लोकांनी गाडी पाहिली. मग गाडीचे घड्याळ आणि गिरणीचा भोंगा लोकांवर नजर ठेवू लागले. हजेरीपट आला, मुकादम आला, दंड आला. कामगाराची नोंद होऊ लागली. पण ती लिहिणारा हात त्याचा नव्हता.

याच ठाण्यात १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. रेल्वे आणि टपालखात्यात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी गिरणीत भांडारपाल झाले. भांडारपाल म्हणजे मालकाच्या मालावर डोळा ठेवणारा. लोखंडे यांनी तो डोळा माणसांकडे वळविला. १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः मुलांसाठी होता. प्रौढांचा दिवस किती तासांचा, हे त्यात नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय? रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई. यांतली एकही गोष्ट हजेरीपटात दिसली नसती. थकलेले डोळे आणि तुटलेले बोट ज्याचे, त्यालाच ती दिसतात. १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मान्य झाली. आपला रविवार हा पाहिल्या गेलेल्यांनी स्वतः पाहून मिळविलेला आहे.

ऐन उमेदीत आम्ही ठाण्यातल्या एका कारखान्यात स्टॉपवॉच घेतलेला साहेब पाहिला. तो उभा राहिला की कोणी घाबरून हात झपाट्याने चालवी, कोणी मुद्दाम सावकाश. घड्याळ खरे होते, पण मापलेले काम खोटे. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. आपल्याकडे कोणी लक्ष देतो आहे, याने कामगाराचे काम बदलते काय, हा वाद तेव्हापासून पंडितांत चालू आहे. आमच्या साहेबाने तो कधी ऐकला नसावा.

आज स्टॉपवॉचच्या जागी कॅमेरा आणि अंगठ्याची हजेरी आहे. पहाऱ्याला आमचा सरसकट विरोध नाही. पण डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट होऊन माणसे गेली. कामगाराच्या चहाच्या मिनिटांवर जितकी जागी नजर असते, तितकी भांड्यातल्या दाबावर असते काय? दारावरची राखण म्हणजे पहारा. धोका शोधण्यासाठी केलेली ती पाहणी. पहारा स्वस्त पडतो, पाहणीला खर्च येतो.

म्हणून आम्ही प्रत्येक नव्या सभासदाला एक वही घ्यायला सांगतो. तारीख, पाळी, कोणती झडप गळते, कोणाला केव्हा सांगितले, एवढेच लिही. मोडकेतोडके चालेल. ज्याच्यावर डोळा आहे, त्याच्याही हातात नोंद हवी. लोखंडे यांच्या गावात बसून यापेक्षा मोठे काही सांगण्यासारखे आमच्यापाशी नाही.