इब्न सिनाची फळी

मन आणि शरीर वेगळे आहेत का, हा प्रश्न निघाला की पहिले नाव घेतले जाते फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे. त्याचे ‘मेडिटेशन्स’ १६४१ साली आले. पण त्याच्या सहाशे वर्षे आधी, बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सिनाने (९८०–१०३७) ‘अश-शिफा’ या ग्रंथातल्या नफ्सवरच्या भागात हाच प्रश्न मांडला होता. मी उर्दू शिकवतो. नफ्स म्हटले की मुलांना फक्त वासना आठवते. इथे मात्र नफ्स म्हणजे जिवंत ठेवणारे, जाणणारे तत्त्व.

इब्न सिना म्हणतो, समजा एक माणूस एकाएकी, पूर्ण वाढलेला निर्माण झाला. तो हवेत तरंगतो आहे. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत. शरीराची काहीच जाणीव नाही. तरीही ‘मी आहे’ हे त्याला कळेलच. म्हणजे ‘मी’ हा शरीराहून वेगळा.

याच भागाचे बाराव्या शतकात तोलेदोत लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपने तो वाचला.

पण इब्न सिना हकीमही होता. त्याच ग्रंथात तो लिहितो: जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून माणूस सहज चालतो, तीच फळी खोल दरीवर टाकली की पाय थरथरतात. फळी तीच, पाय तेच. बदलली ती मनातली पडण्याची कल्पना. वेगळे असूनही मन शरीराला असे हलवते.

१६४३ साली राजकन्या एलिझाबेथने देकार्तला पत्रातून विचारले, जागा न व्यापणारे मन शरीराला ढकलते कसे? देकार्तच्या उत्तरांनी तिचे समाधान झाले नाही.

आपल्याकडे कुणाची झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर लोक म्हणतात, ‘वहम आहे’, ‘ईमान कमजोर झालंय’. माणूस गप्प बसतो आणि आजार वाढतो. रूह मानणाऱ्या इब्न सिनाने मात्र ‘अल-कानून’मध्ये मालीखोलिया, म्हणजे काळी उदासी, आणि इश्क यांना डोक्याच्या आजारांत जागा दिली आणि त्यांचे उपचार सांगितले. प्रेयसीचे नाव घेताच बदलणारी नाडी त्याने बोटांनी तपासायला शिकवली.

परीक्षेच्या सकाळी पोट दुखते म्हणणारी मुलगी नाटक करत नसते. घरच्यांनी तिच्यासाठी दुआ करावी आणि तिला डॉक्टरकडेही न्यावे.