माश्यांना नावे ठेवणारी माणसे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी इतिहासावर बोलण्याचे आमंत्रण आम्हांला दिले, तेव्हा आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही माश्यांचा इतिहास सांगणार असे कळविल्यावर काही मित्रांनी आम्हांला नावे ठेवली. नावे ठेवणे या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. दोष काढणे हा एक, आणि बारशाच्या दिवशी पाळण्याजवळ होते ते दुसरे. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या अर्थाने नावे ठेवणाऱ्या माणसांविषयी. परंतु या विषयाकडे आम्ही वळलो ते पहिल्या अर्थामुळेच. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यातून आठ बाया आमच्याकडे आल्या. तुतीचा पाला तोडणे, रेशीमकिड्यांना तो घालणे, त्यांखालची घाण काढणे, किडे पिकले म्हणजे ते चंद्रिकेवर सोडणे हे त्यांचे रोजंदारीचे काम. त्या खेपेस बरेचसे किडे काळे डाग पडून मेले, आणि जे कोष झाले त्यांतील पुष्कळांना भोके पडली. भोक पडलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, त्यामुळे त्याला भाव नाही. मालकाने या आठजणींची आठवड्याची मजुरी अडवून ठेवली. त्याचे म्हणणे असे, की ही उझी माशीची करणी आहे, या माशीची अंडी पाल्याबरोबर येतात, आणि बायांनी पाला न पाहता घातला म्हणून हे नुकसान झाले. त्याने ते कोठेतरी छापील वाचले होते. छापील शब्दापुढे अडाणी माणसाने काय बोलावे?

रेशीम खात्यातला एक तरुण तंत्रज्ञ आमच्याबरोबर त्या संगोपनगृहात आला. त्याने एक किडा तळहातावर घेतला आणि आमच्या हाती भिंग दिले. किड्याच्या कातडीवर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असे पांढरे अंडे चिकटलेले होते. तो म्हणाला, ‘‘आपल्याकडची माशी अंडे घालते ते किड्याच्या अंगावर, पाल्यावर नव्हे. पाल्यावर घालणारी माशी निराळी.’’ मग तो खिडकीकडे गेला. तिची जाळी हातभर फाटलेली होती. ती फाटल्याचे बायांनी मालकाला दोनदा सांगितले होते. पुढे फारसा वाद झाला नाही, मजुरी मिळाली.

आम्ही मात्र एक प्रश्न घरी घेऊन आलो. दोन माश्या, दोघीही रेशीमकिड्याच्या पोटात वाढणाऱ्या, दोघींनाही लोक एकाच नावाने ओळखतात. त्या दोन आहेत हे प्रथम कोणी सांगितले? आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयांतले. त्या वाचनालयांच्या बाकांवर बसून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ज्या कुलात या माश्या मोडतात त्याला शास्त्रज्ञ टॅकिनिडी म्हणतात. सुरवंटाच्या किंवा दुसऱ्या एखाद्या कीटकाच्या शरीरात या माशीची अळी शिरते, त्याच्यावरच पोसली जाते, आणि बाहेर पडेपर्यंत बहुधा यजमानाचा जीव घेते. सतराव्या शतकात हॉलंडमधील मिडलबर्ग गावी योहानेस खुडार्ट नावाचा एक चित्रकार सुरवंट पाळून त्यांची चित्रे काढीत असे. एकाच प्रकारच्या सुरवंटातून कधी फुलपाखरू निघे, तर कधी माश्या निघत. तेव्हा एकाच सुरवंटाच्या पोटी दोन तऱ्हेची संतती होते, असे त्याने मानले. त्याला हसू नये. पाहुणा घरात केव्हा शिरला हे ज्याने पाहिले नाही, त्याला तो घरातलाच वाटणार.

पुढे १७५८ साली स्वीडनच्या लिनीअसने प्राण्यांच्या नामकरणाची पद्धत घालून दिली. आडनाव आणि नाव असावे तशी प्रत्येक जीवाला दोन नावे: आधी प्रजातीचे, मग जातीचे. परंतु दोन पंखांच्या साऱ्या कीटकांना, म्हणजे माश्या, डास, गोमाश्या या सर्वांना मिळून त्याने अवघ्या दहा प्रजाती दिल्या. घरमाशी आणि सुरवंट खाणारी माशी एकाच खोलीत कोंबली गेली. त्याचा शिष्य फाब्रिसिउस याने तोंडाच्या अवयवांवरून वर्गवारी केली. पण वाळून गेलेल्या इवल्याशा माशीचे तोंड पाहावयाचे कसे? ही अडचण सोडविली ती ज्याला विद्यापीठाचा उंबरठा ठाऊक नव्हता अशा एका शिकवणीवाल्या मास्तराने.

योहान विल्हेल्म मायगेन याचा जन्म १७६४ साली जर्मनीतील सोलिंगेन येथे झाला. हे गाव चाकू आणि तलवारी घडविणाऱ्या कारागिरांचे. बापाचे छोटे दुकान होते, पण पुढे घराची स्थिती खालावली आणि मुलाची शाळा थोडक्यात आटोपली. घरी राहावयास आलेल्या एका भूमापकाने त्याला गणित शिकविले. ऑर्गन वाजविणाऱ्या एका मास्तराने फ्रेंच, पियानो आणि सुंदर अक्षर शिकविले. याच भांडवलावर मायगेनने जन्म काढला. आखेन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी शिकवणी, नंतर पितळेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या श्टोलबेर्ग गावी फ्रेंचची मास्तरकी. जोडीला चित्रकला, भूगोल, पियानो. कधी नकाशे काढून देणे. अशा ओढाताणीतून उरलेला वेळ त्याने माश्यांना दिला.

१७८८ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की माशीच्या पंखावर शिरांचे जे जाळे असते ते प्रत्येक घराण्याचे ठराविक असते. पंख वाळला तरी शिरा पुसल्या जात नाहीत, आणि साध्या भिंगातून त्या स्पष्ट दिसतात. त्याने केवळ शिरांवर भिस्त ठेवली नाही; मिशा, डोळे, अंगावरचे केस हे सारे मिळून पाहावे, असा त्याचा आग्रह होता. पण शिरांची किल्ली हाती आल्यावर कोंडलेल्या खोल्यांची दारे उघडू लागली. १८०३ साली त्याने टॅकिना ही प्रजाती वेगळी काढली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ चपळ. सबंध कुलाला पुढे तिचेच नाव मिळाले. त्याच वर्षी त्याने एक्सोरिस्टा ही दुसरी प्रजाती सांगितली. श्रोत्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे, कारण मराठवाड्यातल्या त्या फाटक्या जाळीतून आत आलेली माशी याच आडनावाची आहे.

१८१८ पासून १८३८ पर्यंत युरोपातील दोन पंखी कीटकांवरील त्याचा सात खंडांचा ग्रंथ निघाला. ज्या फळमाशीवर विसाव्या शतकात आनुवंशिकतेचे शास्त्र उभे राहिले, तिचे नाव १८३० साली यानेच ठेवले. १८१८ च्या खंडात डासांची एक प्रजाती आहे, तिचे नाव ॲनोफेलिस. आता गंमत पाहा. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला, तेव्हा तो डास कोणता हे त्याला सांगता येईना. डासांवरचे पुस्तक त्याच्यापाशी नव्हते. ठिपकेदार पंखांचा डास, एवढेच तो लिहू शकला. नाव ठेवून एकोणऐंशी वर्षे झाली होती, पण कपाटातले नाव कामाच्या जागी पोहोचले नव्हते. त्या आठ बायांची स्थिती याहून काय निराळी होती?

मायगेनच्या हातूनही एक घोटाळा झाला. १८०० साली पॅरिसमध्ये त्याची एक लहानशी फ्रेंच पुस्तिका निघाली. तिच्यात प्रजातींची नावे होती, पण त्यांतील जाती सांगितल्या नव्हत्या, त्यामुळे कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. पुढे त्याने स्वतःच निराळी नावे वापरली आणि ती रूढ झाली. १९०८ साली व्हिएन्नाच्या हेन्डेलने ती जुनी पुस्तिका उकरून काढली आणि आधीची नावेच खरी असे म्हटले. तेव्हापासून कोणी हे नाव लिही, कोणी ते. एका कारखान्यात दोन मस्टर निघाले म्हणजे जो गोंधळ होतो तो आम्हांला चांगला माहीत आहे. शेवटी १९६३ साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ती पुस्तिका नामकरणापुरती रद्द केली आणि एकच मस्टर कायम झाले.

म्हातारपणी मायगेनने आपला संग्रह आणि आपल्या हाताने काढलेली माश्यांची रंगीत चित्रे पॅरिसच्या संग्रहालयाला विकली. बॉन विद्यापीठाने त्याला सन्मानाची पदवी दिली ती १८४५ साली. त्याच वर्षाच्या जुलैत तो वारला. मान मिळाला, पण तो उपभोगावयाला उणेपुरे काही महिनेच राहिले होते.

आता रेशमाकडे येऊ. उजी हा जपानी शब्द. त्याचा अर्थ अळी. त्याचेच आपल्याकडे उझी झाले. जपानी रेशीमकिड्यांना पोखरणाऱ्या माशीचा अभ्यास सासाकी या जपानी प्राध्यापकाने केला आणि १८८६ साली तिची जीवनकथा प्रसिद्ध केली. ही माशी तुतीच्या पानावर अतिसूक्ष्म अंडी घालते. किडा पानाबरोबर ती गिळतो, अंडी त्याच्या आतड्यात फुटतात, आणि अळी पुढे त्याच्या श्वासनळीच्या तोंडाशी बसून हवा घेत वाढते. आपल्या मालकाने वाचले होते ते हेच, आणि त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. फक्त ती माशी ही नव्हे.

बंगालच्या रेशीमकिड्यांवरील माशीचे वर्णन १८८० साली लुई नावाच्या लेखकाने केले होते. एक्सोरिस्टा बॉम्बिसिस असे आज तिचे नाव आहे. ही किड्याच्या अंगावर अंडे चिकटविते. दोन-तीन दिवसांत अळी कातडीतून आत शिरते आणि त्या जागी काळा डाग राहतो. पोसून झाली की ती बाहेर पडते. किड्याने तोवर कोष विणलेला असला तर कोष फोडून बाहेर पडते. मग मातीत किंवा जमिनीच्या भेगेत ती आपला कोश करते. १९८० साली ही माशी कर्नाटकात पोहोचली, ती बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर आली असे मानतात, आणि तेथील रेशीम उत्पादकांची झोप उडाली. आपल्या विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जे टसरचे किडे पाळतात, त्यांचा शत्रू तर तिसराच. ब्लेफॅरिपा ही त्याची प्रजाती.

नावाचे महत्त्व येथे कळते. माशी पाल्यावर अंडी घालणारी असेल, तर खिडकीला कितीही जाळी लावा, पाल्याबरोबर संकट घरात येणारच. अंगावर अंडी घालणारी असेल, तर पाला कितीही निवडा, उपयोग शून्य. तेथे जाळी धड हवी, भेगा बुजविलेल्या हव्यात, आणि माशीच्या कोशावर वाढणारी नेसोलिंक्स नावाची बारीक गांधीलमाशी सोडावयास हवी. नाव चुकले की औषध चुकते, आणि औषध चुकले की दोष भलत्याच्या माथी बसतो. तो माथा बहुधा मजुराचा असतो.

परंतु या कुलाला सरसकट वैरी ठरविणेही चूक होईल. फिजी बेटांत नारळाची झाडे उजाड करणाऱ्या पतंगावर टॉटहिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२५ साली मलायातून याच कुलातील माशी आणून सोडली, आणि काही महिन्यांत नारळ वाचला. उलट अमेरिकेत १९०६ पासून अशीच एक माशी दुसऱ्या एका उपद्रवी पतंगावर सोडली, तिने तेथील निरुपद्रवी, सुंदर रेशीमपतंगही मारले. माशी काही कोणाचा पक्ष घेत नाही.

नावे ठेवणारी सारीच माणसे मायगेनसारखी सावध होती असेही नाही. चार्ल्स टाउन्सेंड हा अमेरिकन या कुलाचा मोठा जाणकार. ब्राझीलमध्ये राहून त्याने १९३४ ते १९४२ या काळात बारा भागांचा ग्रंथ काढला. पण बारीक फरक दिसला की नवी प्रजाती, असा त्याचा सपाटा, त्यामुळे नंतरच्यांचा पुष्कळ काळ ती नावे एकत्र करण्यात गेला. हरणांच्या नाकात अळ्या सोडणारी एक परोपजीवी माशी ताशी आठशे मैलांहून अधिक वेगाने उडते, असे त्याने १९२७ साली लिहिले आणि ते खरे मानले गेले. १९३८ साली लँगम्यूर या नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञाने साधे गणित मांडले: एवढ्या वेगाची माशी माणसाला बंदुकीच्या गोळीसारखी लागली असती, खरा वेग पंचवीस मैलांच्या आसपास असावा. मोठ्या नावाचे म्हणणेही मोजून घ्यावे, हा यातला धडा.

आज या कुलातील सुमारे साडेआठ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०२० साली कॅनडातील ओहारा, हेंडरसन आणि वुड यांनी जगाची यादी प्रसिद्ध केली. ही यादी म्हणजे एक मस्टरच. आम्ही तीस वर्षे असंघटित मजुरांत काम केले. ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याला रजा नाही, भरपाई नाही. तो कामावर मेला तरी तो तेथे नव्हताच असे सांगतात. म्हणून नाव नोंदविणे हे आम्ही कधी किरकोळ काम मानले नाही. भूक, शिकवणी आणि नकाशे यांतून उरलेल्या वेळात माशीच्या पंखावरच्या शिरा मोजीत बसलेला तो मास्तर आम्हांला म्हणूनच आपला वाटतो. आपण काढलेल्या नावावर दोनशे वर्षांनी आठ परक्या बायांची आठवड्याची मजुरी अवलंबून राहील, हे त्याला कोठून ठाऊक असणार? त्याने फक्त नीट पाहिले आणि नीट लिहून ठेवले.

त्या दिवशी निघताना बायांपैकी एकीने आमच्याकडून भिंग मागून घेतले. किड्याच्या अंगावरचे ते पांढरे अंडे तिने पुष्कळ वेळ निरखले आणि विचारले, ‘‘दादा, हिचं नाव काय म्हणालात?’’ आम्ही सांगितले. तिने ते दोनदा घोकले. पुढच्या खेपेस कोणी पाल्याचा दोष काढला तर सांगता यावे म्हणून.