बधिरतेचे औषध आणि हृदयाचे बळ

१९७९ मध्ये ‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात जॉर्ज अल्ब्राइट यांचे एक संपादकीय प्रसिद्ध झाले. ब्युपिव्हॅकेन किंवा एटिडोकेन चुकून रक्तवाहिनीत गेल्यास रुग्णाला झटके येतात, जवळजवळ त्याच क्षणी हृदय थांबते आणि ते पुन्हा सुरू करणे कमालीचे अवघड जाते, असा इशारा त्यात होता. प्रसूतिवेदना शमवण्यासाठी ब्युपिव्हॅकेन तोवर लोकप्रिय झाले होते. त्याचा परिणाम तासन्‌तास टिकत असे. पुढच्या काही वर्षांत ०.७५ टक्के तीव्रतेचे द्रावण अमेरिकेत प्रसूतीसाठी वापरणे थांबवण्यात आले. (भारतात सिझेरियनच्या वेळी मणक्यात टोचतात तेही बहुधा ब्युपिव्हॅकेनच, पण ती मात्रा १० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे फारच थोडी असते.)

मग सर्वपरिचित लिग्नोकेन तुलनेने सुरक्षित का? दोन्ही औषधे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवतात, आणि तसेच मार्ग हृदयस्नायूंतही असतात. क्लार्कसन आणि हाँडेगेम यांनी १९८५ मध्ये फरक दाखवला तो वेळेचा. ठोक्यादरम्यान दोन्ही औषधे त्या मार्गांत झटकन शिरतात. लिग्नोकेन तेथून सुमारे ०.१५ सेकंदाच्या गतीने सुटते, ब्युपिव्हॅकेनला त्याच्या दहापट वेळ लागतो. मिनिटाला सत्तर ठोके देणाऱ्या हृदयात मात्र पुढचा ठोका ०.८५ सेकंदातच येऊन ठेपतो. अडथळा ठोक्यागणिक साचत जातो.

परंतु लय बिघडणे वेगळे आणि बळ जाणे वेगळे. ब्युपिव्हॅकेनने आकुंचनही क्षीण होते, आणि ते केवळ सोडियमच्या हिशेबाने उलगडत नाही. पेशीतील कॅल्शियमचा व्यवहार मंदावतो, तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीही घटते. निरोगी हृदयाचे मुख्य इंधन मेदाम्ले. ती तंतुकणिकांत पोहोचवणाऱ्या कार्निटिनवर आधारित वाहतुकीलाच हे औषध रोखते.

हा धागा अमेरिकी भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांच्या हाती आला तो कार्निटिनची कमतरता असलेल्या एका रुग्णामुळे. अगदी थोड्या ब्युपिव्हॅकेनने तिच्या हृदयाची लय बिघडली होती. मेदाम्ले साचल्यामुळे हृदय अधिक नाजूक होत असावे, असा तर्क करून त्यांनी उंदरांना आधी शिरेतून मेदद्रावण दिले. अपेक्षा होती की ते लवकर दगावतील. घडले नेमके उलटे: त्यांना मारण्यास कितीतरी जास्त ब्युपिव्हॅकेन लागले. १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चुकीच्या गृहीतकाने इतके उपयोगी उत्तर क्वचितच दिले असेल.

२००६ मध्ये न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. खांद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या बधिरतेनंतर त्याचे हृदय थांबले होते. सुमारे वीस मिनिटांच्या प्रयत्नांना यश आले नव्हते. मग शिरेतून १०० मिलिलिटर मेदद्रावण दिले गेले, एरवी जेवू न शकणाऱ्या रुग्णांना पोषणासाठी देतात तेच, आणि हृदयाचे ठोके परतले.