लास व्हेगास : बागेच्या पाण्यावरील निर्बंध

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, मोहावी वाळवंटात वसलेल्या लास व्हेगासमध्ये बागांना पाणी देण्याबाबत लागू असलेले नियम. येथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. सुमारे ९० टक्के पाणी येते ते कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणाच्या मीड जलाशयातून. नेवाडाचा वाटा १९२८ च्या कायद्याने ठरला : वर्षाला ३ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १३ टीएमसी. तेव्हा लास व्हेगास हे रेल्वेमार्गावरचे लहानसे गाव होते. आज या खोऱ्यात २० लाखांहून अधिक लोक राहतात; वाटा वाढलेला नाही.

नियमांचा सगळा रोख अंगणावर आहे आणि त्याला भक्कम कारण आहे. न्हाणीघर, स्वयंपाकघर, शौचालय यांचे सांडपाणी शुद्ध होऊन लास व्हेगास वॉश या प्रवाहाने पुन्हा मीडमध्ये जाते. जितके परत जाते, तितके वाट्याच्या वर उचलता येते. हिरवळीवर फवारलेले पाणी मात्र उन्हात उडून जाते, ते हिशेबात कधीच परत येत नाही.

म्हणून पाळ्या लावलेल्या आहेत. हिवाळ्यात आठवड्यातून एकच ठरलेला दिवस, वसंतात आणि शरदात तीन. उन्हाळ्यात रोज चालते, पण सकाळी ११ ते संध्याकाळी ७ फवारे बंद. रविवारी मात्र वर्षभर फवारे बंद. लॉनचे पाणी फुटपाथ ओलांडून रस्त्याकडेच्या गटारीत वाहताना दिसले, की तपासनीस त्याचे चित्रण करतो. आधी समज मिळते. तरी गळती थांबली नाही, तर ८० डॉलरपासून चढत जाणारा दंड.

खरी बचत हिरवळ काढण्यातच आहे. स्थानिक जल प्राधिकरणाच्या अभ्यासात एक चौरस फूट लॉनला वर्षाला सुमारे २७६ लिटर पाणी लागले. त्याच जागेत वाळवंटी झुडपे लावली, तर ६५ लिटरवर भागले. लॉन उखडणाऱ्याला प्राधिकरण चौरस फुटामागे रोख पैसे देते. नव्या घरांपुढे लॉन लावायला २००३ मध्येच बंदी आली. २०२१ च्या राज्य कायद्याने त्यापुढे जाऊन कार्यालये, वसाहती आणि रस्तादुभाजकांवरील निव्वळ शोभेच्या हिरवळीला नदीचे पाणी देण्यास २०२६ अखेरची मुदत घातली. स्वतंत्र घरांच्या बागा, शाळा आणि खेळाची मैदाने यांना त्यातून वगळले आहे.

या मोहिमेत झाडांकडे दुर्लक्ष झाले, तर ते महागात पडते. लॉनच्या फवाऱ्यांवर वाढलेल्या जुन्या झाडांना स्वतंत्र ठिबक जोडले नाही, तर हिरवळ निघाल्यावर ती वाळतात आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या शहराची सावली जाते.